रात्री घातलेल्या वेण्या सकाळपर्यंत टिकत नाहीत: शोच्या आदल्या रात्रीची आयाळ

शोच्या, म्हणजे अश्वारोहण स्पर्धेच्या, आदल्या संध्याकाळी घोड्याच्या आयाळीच्या वेण्या घट्ट, एकसारख्या घातलेल्या असतात. पहाटे पाचला तबेल्यात जाऊन पाहावं तर दोन सुटलेल्या, चार विस्कटलेल्या आणि मानेवर मुळाशी केस उभे. पुण्यातल्या रायडिंग क्लबांमध्ये ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. बहुतेक जण पुढच्या वेळी वेण्या आणखी आवळून घालतात आणि तिथेच चुकतात. आवळलेल्या वेणीने मुळाशी ताण येतो, ताणाने खाज सुटते, घोडा मान घासतो आणि वेणी पहिल्यापेक्षा लवकर सुटते.

त्यामुळे काहीही बदलण्याआधी नेमक्या कोणत्या वेण्या बिघडल्या आणि कशा, ते बघा. त्यावरून कारण बऱ्यापैकी कळतं. उसवण्याआधी पूर्ण मानेचा एक फोटो बाजूने आणि एक वरून काढून ठेवा. घाईत सगळं उसवलं की पुरावाच जातो, आणि पुढच्या शोला तोच घोटाळा पुन्हा होतो.

बिघाड कुठे आहे?

कानांपासून विदर्सपर्यंत, म्हणजे मान पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत, सगळ्याच वेण्या सारख्याच सैल झाल्या असतील तर घोड्याचा दोष नाही. केस निसरडे होते किंवा फार ओले असताना गुंफले गेले.

मधल्या चार-पाच वेण्या चपट्या झाल्यात, त्यांच्या मुळाशी तुटलेले केस आहेत, आणि दाराच्या आडव्या दांड्यावरही तसेच केस चिकटलेत: घोडा घासत होता. दांड्यावरून, गव्हाणीच्या कडेवरून बोट फिरवा. केस सापडले की शंका उरत नाही.

विदर्सजवळच्या शेवटच्या दोन-तीनच बिघडल्या असतील तर रगच्या, म्हणजे घोड्याच्या अंगावरच्या पांघरुणाच्या, गळ्याकडे बघा. कानांमागची पहिलीच बिघडली असेल तर हेडकॉलरचा, म्हणजे घोडा बांधायला डोक्यात घालतात त्या साजाचा, पट्टा तिच्यावर बसतोय.

वेणी शाबूत, पण मुळातून आखूड केस काट्यांसारखे उभे: हे केस वेणीत कधी आलेलेच नव्हते. मागे कधीतरी तुटलेले किंवा कात्रीने कापलेले केस आता वाढून दोन-तीन सेंटिमीटर झालेत.

वेणी दुमडून धाग्याने शिवलेली गाठ मानेला लागून न राहता खाली लोंबत असेल तर टाका मुळातून गेलेला नाही. वेणी मानेपासून दूर, बाहेरच्या बाजूला उभी राहत असेल तर गुंफताना हात वर किंवा स्वतःकडे ओढला गेला. म्हणजे घालणारा फार खाली उभा होता.

अर्धं काम आठवडाभर आधीचं

रात्री बिघडणाऱ्या बऱ्याच वेण्यांचं कारण त्या रात्रीच्या आधीच घडून गेलेलं असतं, आणि त्यात पहिला क्रमांक शाम्पू-कंडिशनरचा. शो आहे म्हणून आदल्या दिवशी दुपारी घोड्याला आंघोळ घालतात, आयाळीला कंडिशनर लावतात, वरून चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे मारतात. केस सुंदर दिसतात, पण पेड एकमेकांवर धरत नाहीत. आयाळ धुवायची ती शोच्या दोन-तीन दिवस आधी, साध्या सौम्य शाम्पूने, आणि शेवटचं पाणी फेस पूर्ण जाईपर्यंत. मुळाशी शाम्पू राहिला तर तोच खाजेचं कारण ठरतो. कंडिशनर नको. स्प्रे शेपटीला चालेल. आयाळीला नाही, आणि खोगीर बसतं तिथे तर मुळीच नाही, कारण खोगीर घसरतं.

दोन दिवसांत केसांवर थोडं नैसर्गिक तेल आणि किंचित धूळ येते. वेणी धरायला हीच मदत करते. रोजचा खरारा सुरू ठेवा, आयाळ फक्त ब्रशने विंचरा.

लांबी दुसरी गोष्ट. गुंडाळून गाठ करायच्या वेणीला आयाळ १० ते १२ सेंटिमीटर हवी, साधारण एका तळहाताएवढी. १५ च्या वर गेली की गाठीचा गोळा जड होतो आणि स्वतःच्या वजनाने खाली ओढतो. ८ च्या खाली गेली की दुमडायला केस पुरत नाहीत. ही लांबी कात्रीने आणू नये. पुलिंग, म्हणजे खालच्या बाजूचे सगळ्यात लांब केस एका वेळी पाच-सहा धरून, बाकीचे कंगव्याने वर सारून उपटणं, हीच जुनी आणि बरोबर पद्धत. फेरफटक्यानंतर अंग गरम असताना केस सहज येतात. एका दिवशी सगळी मान करू नका. रोज थोडी, असं आठवड्यात संपवा, आणि शोच्या किमान चार-पाच दिवस आधी थांबा. आदल्या दिवशी पुलिंग केलं तर मुळं हुळहुळतात आणि घोडा रात्रभर मान घासतो. काही घोड्यांना पुलिंग अजिबात सहन होत नाही. त्यांच्यावर जबरदस्ती करण्यापेक्षा आयाळ विरळ करायचा कंगवा वापरा. तो केस कापतो, पण वेगवेगळ्या उंचीवर, त्यामुळे सरळ रेष येत नाही.

आयाळ कोणत्या बाजूला पडते हेही आठवडा आधी बघा. परंपरेने वेण्या उजव्या बाजूला असतात. आयाळीचा काही भाग डावीकडे पडत असेल तर तो ओला करून उजवीकडे आणा आणि चार-पाच सैल, लांब वेण्या घालून काही तास तसाच ठेवा, मग सोडा. आठवडाभर रोज असं केलं की केस वळतात. शोच्या रात्री जोराने उजवीकडे ओढलेले केस सकाळपर्यंत परत डावीकडे जायला बघतात.

सामान

मेण लावलेला जाड धागा, आयाळीच्या रंगाचा. साधा सुती धागा दमट हवेत फुगतो, वाळल्यावर सैल पडतो, म्हणून मेण महत्त्वाचं. तयार मिळाला नाही तर चपला शिवायचा धागा चालतो. मधमाशीच्या मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घ्यायचा. रविवार पेठेत बोहरी आळीत धाग्यांच्या दुकानात काळा, तपकिरी, पांढरा सगळे मिळतात. वेणीमागे ५० ते ६० सेंटिमीटरचा तुकडा, सुईत दुहेरी. वेण्यांपेक्षा चार-पाच तुकडे जास्त कापून आधीच दारावर टांगून ठेवा.

सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची हवी. टोकदार दाभण पेडांतले केस फाडतं आणि घोड्याने मान हलवली तर त्याला किंवा तुमच्या बोटाला लागतं. सुया मोजून घ्या, मोजून ठेवा. एकही सुई भुशात पडली तर काम थांबवा आणि सापडेपर्यंत शोधा. दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवलं की लवकर सापडते. सुई तोंडात धरायची नाही, बाहीत खोचायची नाही. दंडावर पट्टीने बांधलेली छोटी पिनउशी सगळ्यात सोयीची.

तुळशीबागेतले छोटे रबरबँड स्वस्त आणि सोपे आहेत, म्हणून मुलं तेच वापरतात. सकाळी घालून दुपारी काढायच्या वेण्यांना ते ठीक. रात्रभर ठेवायच्या वेणीला मात्र नकोत. ताणलेलं रबर केसात रुतून केस कापतं, घोडा घासला की टचकन तुटतं आणि उन्हाळ्यात जुनं झालेलं रबर हातातच तुटतं. आमचं मत ठाम आहे: आदल्या रात्री वेण्या घालायच्या तर शिवायच्याच. रबरबँड फक्त भाग पाडून ठेवायला वापरा.

याशिवाय पाण्याचा ब्रश, बारीक दातांचा धातूचा कंगवा, केस धरायच्या दोन क्लिपा, शिवण उसवायचा सीम रिपर, थोडी जेल. जेल घरी करायची तर दोन चमचे जवस दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळून गरम असतानाच गाळून घ्या. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. साखरेचं पाणी लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रात्री मुंग्या येतात, सकाळी माश्या, आणि घोडा बेजार होतो.

चढायला रुंद पायांचं लाकडी स्टूल. पालथी बादली घसरते आणि तिच्या कडीत घोड्याचा पाय अडकू शकतो.

वेणी

संध्याकाळचं काम संपून घोडा पूर्ण थंड आणि कोरडा झालेला हवा. मानेवर घाम वाळून मीठ धरलं असेल तर ओल्या फडक्याने मुळं पुसून वाळू द्या. घामावरच वेण्या घातल्या की रात्री खाज आलीच. त्याला गवत खाऊन तृप्त होऊ द्या, मग छातीच्या उंचीवर सुटणाऱ्या गाठीने बांधा. मान नैसर्गिक उंचीवर राहायला हवी. मान वर ताणलेली असताना घातलेली वेणी, त्याने मान खाली घेतली की मुळाशी ओढते.

आधी ब्रायडल, म्हणजे लगामाचा साज, चढवून कानांमागचा पट्टा कुठे येतो ते पाहा आणि पहिली वेणी त्याच्या मागे सुरू करा. मग आयाळीची लांबी टेपने मोजा. समजा ८० सेंटिमीटर आली आणि ५ चा भाग घेतला, तर १६ वेण्या. एकही वेणी घालण्याआधी सगळे भाग कंगव्याच्या कोपऱ्याने सरळ भांग पाडून, रबरबँड लावून वेगळे करा. असं केलं नाही तर पहिल्या पाच वेण्या जाड आणि शेवटच्या पाच बारीक होतात. आयाळ मध्ये दाट असते, विदर्सकडे विरळ. म्हणून भाग रुंदीने नाही तर जाडीने सारखे करा. मध्ये ४ सेंटिमीटर, टोकाला ६ असं चालेल. किती वेण्या हे मानेवर ठरवा. आखूड मानेवर जास्त आणि छोट्या वेण्या घातल्या की मान लांब भासते. लांब, बारीक मानेवर थोड्या कमी आणि भरीव वेण्या शोभतात.

एक भाग ओलसर करा. ओलसर म्हणजे हाताला ओल लागेल पण थेंब पडणार नाही. ओला केस फुगतो आणि वाळल्यावर पूर्वीसारखा बारीक होतो. म्हणून भिजवून गुंफलेली वेणी रात्रीत आपोआप ढिली पडते. पावसाळ्यात तर तिचा गाभा सकाळपर्यंत ओलाच राहतो. नखाएवढी जेल मुळाशी लावून तीन सारखे पेड करा.

पहिले तीन वेढे सगळं ठरवतात. हात मानेला चिकटून, ओढ खाली आणि मानेच्या दिशेने. मुळाशी पेड घट्ट बसले पाहिजेत, पण कातडी वर उचलली जाता कामा नये. तपासायची खूण सोपी आहे: वेणी घातल्यावर मुळाशी बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसत असतील तर ती फार घट्ट आहे, लगेच उसवा. चौथ्या वेढ्यापासून ताण सारखा ठेवून टोकापर्यंत जा, शेवटचा सेंटिमीटरभर केस सोडा.

आता शिवण. सुई वेणीच्या मागून टोकातून पुढे काढा, धागा टोकाभोवती दोनदा गुंडाळा, फासातून सुई काढून आवळा. उरलेला केसांचा झुपका मागे दुमडा आणि त्याच्यावरून आणखी दोन वेढे घ्या, म्हणजे तो आत बंद होतो. मग सुई वेणीखालून, अगदी मुळातून, मानेच्या जवळ वर काढा. अगदी मुळातून म्हणजे पेडांच्या मधून. वरवरच्या केसांतून काढली तर वजन येताच ते केस सरकतात आणि गाठ लोंबते. ओढली की वेणी अर्ध्यात दुमडते. पुन्हा एकदा दुमडा किंवा गुंडाळा, सुई परत खालून वर. आता एक फेर गाठीच्या उजवीकडून खाली घेऊन परत मधून वर, एक डावीकडून, आणि शेवटी धागा खाली आणून दोन गाठी. अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.

नवशिक्याला एका वेणीला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण मानेला दोन तास. इतका वेळ घोडा एका जागी उभा राहणार नाही. आठ वेण्या झाल्या की सोडा, पाणी दाखवा, दहा मिनिटं फिरवा.

कपाळावरची वेणी रात्री घालू नका. कपाळ घासायची प्रत्येक घोड्याला सवय असते आणि ती वेणी हमखास बिघडते. ती सकाळी, दोन मिनिटांचं काम. फार आवळली तर घोडा डोळे मिचकावत राहतो.

घोडा घासतो तेव्हा

दांड्यावर केस सापडले तर तीन शक्यता: वेण्या घट्ट, कातडीला त्रास, किंवा चिलटं.

घट्टपणाची तपासणी वर दिली आहे. कातडीसाठी, वेण्या घालण्याच्या आठ-दहा दिवस आधी उजेडात आयाळीची मुळं बोटांनी उघडून बघा. कोंडा, गोल टक्कल, खपल्या, लिखा, जाड सुरकुतलेली कातडी, यातलं काही दिसलं तर पशुवैद्यांना दाखवा. गजकर्ण असेल तर ते घोड्यापासून घोड्याला आणि माणसालाही लागतं. त्या घोड्याचा कंगवा, ब्रश, रग वेगळे ठेवा. असा घोडा शोमध्ये नेणंच योग्य नाही, वेण्यांचा प्रश्न नंतरचा. खाजेवर घरचं औषध म्हणून कडक वासाचं काहीतरी आदल्या रात्री चोळणं टाळा, फुटलेल्या कातडीवर ते झोंबतं.

चिलटांचा त्रास पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत जास्त, नदीकाठच्या आणि उसाच्या शेतांजवळच्या तबेल्यांत विशेष. ही चिलटं तिन्हीसांजेला आणि पहाटे चावतात, नेमक्या त्याच वेळी वेण्या घातलेल्या असतात. काही घोड्यांना त्यांच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते. आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी ते रक्त येईपर्यंत घासतात. चिलटं दुबळी उडतात, म्हणून मोठा पंखा हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय. पंखा आणि वायर घोड्याच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर बांधा. दाराजवळ साचलेलं पाणी आणि ओलं शेण काढा. अ‍ॅलर्जी असलेल्या घोड्याच्या वेण्या रात्री घालूच नका. पहाटे दोन तास आधी उठा आणि तेव्हा घाला.

घासू नये म्हणून काही जण घोड्याला रात्रभर तोंड वर करून आखूड बांधून ठेवतात. हे कधीही करू नका. घोड्याला श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर काढायला मान खाली घालावी लागते. कित्येक तास मान वर राहिली तर जंतू खाली फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनियापर्यंत मजल जाते. वेण्या सकाळी दुरुस्त होतात, फुप्फुसं होत नाहीत.

दाराच्या आडव्या दांड्यावर गुळगुळीत पाइप बसवा. गवताची जाळी फार उंच बांधली तर तो खाताना मान कडेला घासतो. पण पाय अडकेल इतकी खालीही नको. रात्री जमिनीवर गवत टाकलेलं उत्तम. एरवी अंगात मस्ती राहिलेला घोडा कंटाळ्यानेही घासतो, म्हणून शोच्या आदल्या दिवशी त्याला पूर्ण विश्रांती देण्यापेक्षा हलकं काम द्यावं.

हूड आणि रग

ताणणाऱ्या लायक्राच्या कापडाचं हूड वेण्या झाकतं, भुसा आणि साळीचं तूस आत जाऊ देत नाही. पण ते पहिल्यांदा शोच्या रात्री घालायचं नाही. तीन-चार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास घालून सवय करा, डोळ्यांची भोकं सरकत नाहीत ना ते पाहा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री हूड छान. ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चनंतर त्याखाली घाम येतो आणि हूडच खाजेचं कारण बनतं. तेव्हा पंखा बरा.

हूड काढताना पुढून मागे ओढू नका, पुढची कड वर उचलून डोक्यावरून काढा.

रगच्या गळ्याला आतून गुळगुळीत सॅटिनचं अस्तर लावलं की विदर्सजवळच्या वेण्या वाचतात. नाही जमलं तर रगचा गळा हातभर मागे दुमडून पुढचा पट्टा त्यानुसार बांधा. हेडकॉलर रात्री काढता येत असेल तर काढाच.

घोडा झोपतो म्हणून अंथरूण बदलायचा मोह होतो. एका रात्रीसाठी बदलू नका, नवा पेंढा तो खात बसतो. तूस वेणीत शिरलं तर सकाळी कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं. ओल्या हाताने काढायला गेलात की आणखी आत बसतं.

लांब आयाळीचे घोडे

रेसकोर्सवरून निवृत्त होऊन क्लबात आलेल्या थरोब्रेडच्या आयाळी मुळात बारीक, विरळ. त्यांना वेण्या कमी जाडीच्या, जेल थोडी जास्त, आणि धागा पातळ. सारंगखेड्याच्या बाजारातून किंवा राजस्थानातून आलेला मारवाडी जातीचा घोडा असेल तर लांब, रेशमी आयाळ हीच त्याची शोभा. एका शोसाठी ती आखूड करू नये. स्पर्धेच्या पत्रकात काही वेगळं नसेल तर त्याला मानेच्या कडेने एकच सलग वेणी घाला. कानांमागून तीन पेडांनी सुरुवात, प्रत्येक वेढ्याला नवे केस फक्त वरच्या, मुळाकडच्या पेडात घ्यायचे. ही वेणी घालताना घोड्याची मान खालीच हवी. मान वर असताना घातली तर त्याने गवताला तोंड लावताच मुळं ताणतात, आणि सकाळी वेणी मानेवर पुलासारखी उचललेली दिसते. सलग वेणी निसरड्या केसांवर रात्रभर क्वचितच टिकते. ती सकाळी घातलेली बरी.

सकाळची दुरुस्ती

शोच्या वेळेच्या दोन तास आधी उजेडात सगळ्या वेण्या बोटांनी दाबून बघा. सैल आहे तेवढीच उसवा, ओलसर करून पुन्हा घाला. बाकीच्यांना हात लावू नका. गाठ जागेवर आहे पण हलते, तर उसवायची गरज नाही. आधीच्या टाक्याला आडवा एक टाका मुळातून घ्या.

उभे राहिलेले आखूड केस कात्रीने कापू नका. तो मोह दर वेळी होतो. आज मान स्वच्छ दिसेल, पण महिन्याभरात तेच केस वाढून पुन्हा ताठ उभे राहतील. जुन्या टूथब्रशवर थोडी जेल घेऊन मुळापासून खाली बसवा, त्यावर ओलं सुती फडकं पाच मिनिटं धरा. रिंगणातल्या मुरमाची धूळ जेलवर चिकटते, म्हणून जेल पातळच लावा.

याच वेळी तोंड आवरताना ओठांभोवतीच्या आणि डोळ्यांभोवतीच्या लांब मिशांना हात लावू नका. त्या स्पर्शासाठी असतात. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ, म्हणजे एफईआय, त्या कापलेल्या घोड्याला १ जुलै २०२१ पासून आपल्या स्पर्धांत उतरू देत नाही.

मुलं जंपिंगला उतरणार असतील तर एक गोष्ट विसरू नका. तोल गेला की नवशिका स्वार आयाळ धरतो, आणि वेण्या घातल्यावर धरायला आयाळच उरत नाही. मग तो लगाम ओढतो आणि घोड्याचं तोंड दुखावतो. मानेभोवती एक चामड्याचा नेकस्ट्रॅप घाला आणि वॉर्मअपमध्येच तो धरायची सवय करून घ्या.

उसवणं

शेवटचा राउंड झाला की वेण्या लगेच उतरवा, गाडीत चढवण्याआधीच. रात्रभर अधिक दिवसभर एवढं मुळांना पुरे. परतीच्या प्रवासात घोडा मान घासतो आणि केस तुटतात. पुढच्या शोला उभे राहणारे आखूड केस तिथेच तयार होतात.

काळ्या आयाळीत काळा धागा दिसत नाही, म्हणून उन्हात उभं राहा. गाठ खालून उलटी करा, सीम रिपरचं टोक मानेपासून दूर ठेवून फक्त धागा कापा. मग वेणी हाताने उलगडा. कापलेले धागे मुठीत गोळा करून थेट डब्यात टाका. गवतात पडले तर पोटात जातात. कंगवा लगेच नको. आयाळ कोमट पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, बोटांनी सोडवा, मग टोकापासून सुरुवात करून थोडं थोडं वर सरकत मुळापर्यंत ब्रशने विंचरा. नंतर घोड्याची निगा राखणाऱ्या सईसमामांबरोबर मुळं एकदा उघडून पाहा. लाल ठिपके किंवा सूज असेल तर आठवडाभर वेण्यांचा सराव बंद ठेवा आणि कोणत्या वेणीखाली ते होते ते सकाळच्या फोटोशी ताडून लिहून ठेवा.